वाचकांचे प्रश्न : यंत्र बंद झाल्यावरही पंखा चालू राहावा म्हणून

प्रश्न : आमचा साउंड सिस्टीमचा लहान व्यवसाय असून परिसरातील गावांच्या हरिनाम सप्ताहांना आमचे भोंगे आणि अ‍ॅम्प्लिफायर असतात. काल्याचे कीर्तन संपले की सामान लगेच टेंपोत भरून पुढच्या गावी न्यावे लागते. अ‍ॅम्प्लिफायरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर) १२ व्होल्ट, ०.१५ अँपिअरचा पंखा बसवलेला आहे. परंतु अ‍ॅम्प्लिफायरचे बटण बंद करताच तोही थांबतो आणि त्यानंतर पेटी आणखी तापल्यासारखी वाटते. बटण बंद केल्यावर पंखा चार-पाच मिनिटे चालत राहावा म्हणून मी त्याच्या दोन तारांना ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. याहून मोठा कपॅसिटर घ्यावा का? सोपे सर्किट सुचवावे.
— एक वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : पेटी बंद केल्यावर अधिक तापल्यासारखी वाटते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. कीर्तन चालू असताना आउटपुट ट्रान्झिस्टरांची उष्णता हीटसिंकमध्ये उतरते आणि पंखा ती बाहेर फेकतो. बटण बंद केल्यावर नवी उष्णता निर्माण होणे थांबते हे खरे, परंतु हीटसिंकच्या अॅल्युमिनियममध्ये आधीच साठलेली उष्णता तशीच असते. वारा थांबल्यामुळे ती हळूहळू पेटीच्या आतल्या भागात पसरते आणि जे भाग स्वतः फारसे तापत नाहीत, त्यांनाही तापवते. त्यात सर्वांत नाजूक म्हणजे वीजपुरवठ्याचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा कारागिरांमध्ये आणि उत्पादकांमध्येही मान्य असलेला ठोकताळा आहे. शाळांमधले दिव्याचे प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्यांचा पंखा काही वेळ फिरत राहतो किंवा मोटारीची किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा कधी कधी चालू राहतो, तो याच कारणाने.

आता आपल्या कपॅसिटरकडे वळू. पंखा ०.१५ अँपिअर प्रवाह घेतो आणि १२ व्होल्टवरून ६ व्होल्टपर्यंत तो कसाबसा फिरेल असे धरू. कपॅसिटरमधून मिळणारा वेळ म्हणजे त्याची धारकता गुणिले व्होल्टेजमधील घट भागिले प्रवाह. म्हणजे ०.००४७ गुणिले ६ भागिले ०.१५, याचे उत्तर येते ०.१९ सेकंद. आपल्याला फरक जाणवला नाही यात नवल नाही. पाच मिनिटे, म्हणजे ३०० सेकंद पंखा चालवायचा तर याच हिशेबाने साडेसात फॅरडचा कपॅसिटर लागेल. आपण जोडलेल्यासारखे सुमारे सोळाशे कपॅसिटर. तेव्हा मोठा कपॅसिटर घेण्याचा विचार सोडून द्यावा. कपॅसिटरचा उपयोग येथे कणगीसारखा न करता घड्याळासारखा करायचा आहे. पंख्याची वीज दुसरीकडून येईल. कपॅसिटरने फक्त किती वेळ झाला एवढेच सांगायचे.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निघतो, आणि असे सर्किट करून पाहणारे बहुतेक जण नेमके तेथेच अडतात. अ‍ॅम्प्लिफायर बंद झाल्यावर पंख्याला वीज कोण देणार, हे आधी ठरवले पाहिजे. आपल्या पंख्याची १२ व्होल्टची वीज अ‍ॅम्प्लिफायरच्याच ट्रान्सफॉर्मरवरून येत असल्यामुळे बटण बंद होताच ती नाहीशी होते, आणि मग पुढे कितीही हुशार सर्किट असले तरी ते काही करू शकत नाही. म्हणून पेटीत १२ व्होल्ट, १ अँपिअरचा मोबाइलच्या चार्जरसारखा एक लहान एसएमपीएस अ‍ॅडॉप्टर बसवावा. त्याच्या २३० व्होल्टच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्यूजनंतर, पण बटणाच्या आधी जोडाव्यात. पिन बोर्डात आहे तोवर या अ‍ॅडॉप्टरला वीज मिळत राहील. पंख्याला पूर्वी जाणाऱ्या १२ व्होल्टच्या तारा काढून टाकायच्या नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर चालू आहे की बंद, एवढी खबर देण्याचे काम आता त्या करतील.

या खबरेच्या तारा आणि नव्या अ‍ॅडॉप्टरच्या तारा सरळ एकमेकींना जोडू नयेत, कारण दोन पुरवठ्यांची जमीन (ऋण बाजू) एकत्र आली की भोंग्यातून घूं असा आवाज येऊ लागण्याची शक्यता असते, आणि कीर्तनात मृदंगापेक्षा तोच जास्त ऐकू येतो. मध्ये पीसी ८१७ हा चार पायांचा ऑप्टोकपलर घालावा. त्याच्या एका बाजूला इवलासा प्रकाशदिवा आणि दुसऱ्या बाजूला त्या प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोहोंमध्ये विजेचा संबंध नसतो. त्यावरील ठिपक्याच्या शेजारचा पाय १ क्रमांकाचा. पंख्याच्या जुन्या तारांपैकी धन तार १ किलोओहम, अर्धा वॅटच्या रेझिस्टरमधून १ क्रमांकाच्या पायाला आणि ऋण तार २ क्रमांकाच्या पायाला जोडावी. जुन्या पुरवठ्याचे व्होल्टेज मीटरने एकदा मोजून घ्यावे. ते १२ ऐवजी १५ व्होल्टपर्यंत निघाले तरी हाच रेझिस्टर चालेल. मात्र तो पुरवठा डीसी आहे याची खात्री करून घ्यावी.

मुख्य काम करणारा घटक म्हणजे आयआरएफ ५४० एन किंवा त्याच्यासारखा एन-चॅनेल मॉसफेट, म्हणजे गेट या पायावरील व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून गेट, ड्रेन आणि सोर्स असा क्रम असतो. नव्या अ‍ॅडॉप्टरची धन तार पंख्याच्या लाल तारेला, पंख्याची काळी तार मॉसफेटच्या ड्रेनला आणि सोर्स अ‍ॅडॉप्टरच्या ऋण टोकाला जोडावा. पंख्याच्या दोन तारांवर १एन ४००७ हा डायोड, त्याचा पांढरा पट्टा धन तारेकडे ठेवून, उलटा जोडावा. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर बसवावा. त्याचे धन टोक गेटला. त्याच कपॅसिटरच्या दोन टोकांना समांतर ४७० किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. आता ऑप्टोकपलरची दुसरी बाजू: त्याचा ४ क्रमांकाचा पाय १ किलोओहममधून अ‍ॅडॉप्टरच्या धन तारेला, आणि ३ क्रमांकाच्या पायापासून १एन ४१४८ या डायोडमधून, पट्टा गेटकडे ठेवून, कपॅसिटरच्या धन टोकाला. एवढे केले की सर्किट पूर्ण झाले. मॉसफेटची धातूची पाठ ड्रेनलाच जोडलेली असते, म्हणून ती पेटीच्या पत्र्याला टेकू देऊ नये.

याचे चालणे असे. अ‍ॅम्प्लिफायर चालू होताच ऑप्टोकपलरमधला ट्रान्झिस्टर चालू होतो, कपॅसिटर दोन-तीन सेकंदांत सुमारे ११ व्होल्टपर्यंत भरतो, मॉसफेट उघडतो आणि पंखा फिरू लागतो. अ‍ॅम्प्लिफायर बंद झाला की कपॅसिटर भरणे थांबते. त्यातला साठा आता फक्त ४७० किलोओहमच्या रेझिस्टरमधूनच पाझरू शकतो, कारण मॉसफेटचे गेट जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही आणि मधला डायोड परतीची वाट अडवतो. कपॅसिटरवरील व्होल्टेज उतरत उतरत मॉसफेटच्या उंबरठ्यापाशी, म्हणजे ज्याखाली तो बंद होतो त्या व्होल्टेजपाशी, आले की पंखा मंदावतो आणि थांबतो.

वेळेचा हिशेब करणे अवघड नाही. ४७० किलोओहम गुणिले ४७० मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे २२१ सेकंद. हा या जोडीचा कालांक. मॉसफेटचा उंबरठा ३ व्होल्ट धरला तर ११.२ व्होल्टवरून ३ व्होल्टपर्यंत येण्यास कालांकाच्या १.३२ पट वेळ लागतो, म्हणजे २९१ सेकंद, पाच मिनिटांना थोडे कमी. परंतु या मॉसफेटचा उंबरठा २ ते ४ व्होल्ट यांमध्ये कोठेही असू शकतो, असे त्याचा उत्पादकच सांगतो. २ व्होल्टचा नग हाती आला तर पंखा सव्वासहा मिनिटांहून थोडा अधिक चालेल आणि ४ व्होल्टचा आला तर पावणेचार मिनिटेच चालेल. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या छापील आकड्यातही वीस टक्क्यांचे इकडेतिकडे चालते. थंड करण्याच्या कामाला एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, आणि म्हणूनच मी येथे हे साधे सर्किट सुचवतो आहे. ज्याला सेकंदाला सेकंद जुळवायचा आहे त्याने या वाटेने जाऊ नये.

वेळ वाढवायचा असेल तर रेझिस्टर १ मेगाओहमपेक्षा मोठा घेऊ नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतूनही थोडा गळत असतो आणि रेझिस्टर फार मोठा केला की वेळ ठरवणारी वाट रेझिस्टरची न राहता त्या गळतीची होऊन बसते. दुसरी गळती आपल्या हातची असते. सोल्डरिंग करताना उरलेला पेस्ट बोर्डावर तसाच राहिला तर पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि गेटपासून सोर्सपर्यंत आपोआप एक चोरवाट तयार होते. वैशाखात पाच मिनिटे चालणारा पंखा मग श्रावणात दोन मिनिटांत थांबतो. म्हणून सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बोर्ड स्वच्छ करावा, वाळू द्यावा आणि गेटच्या भोवती वार्निशचा एक हात द्यावा. कपॅसिटर १०५ अंशांचा घ्यावा, ८५ अंशांचा नको, आणि संपूर्ण बोर्ड हीटसिंकपासून दूर, पंख्याच्या येणाऱ्या वाऱ्यात बसवावा.

तपासणीसाठी प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबण्याची गरज नाही. ४७० च्या जागी तात्पुरता १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर पंखा सहा सेकंदांच्या आसपास थांबला पाहिजे. तो तसा थांबला की जोडणी बरोबर आहे असे समजून मोठा कपॅसिटर बसवावा. या वेळी गेटवर मीटर लावून व्होल्टेज उतरताना पाहण्याचा मोह होतो. डिजिटल मीटर असेल तर खुशाल पाहावे, कारण त्याचा आतला रोध सहसा १० मेगाओहम असतो आणि वेळेत चार-पाच टक्क्यांचाच फरक पडतो. काट्याचा जुना मीटर मात्र लावू नये. प्रतिव्होल्ट २ किलोओहमचा असा मीटर १० व्होल्टच्या पट्टीवर केवळ २० किलोओहमचा असतो; तो लावला की पाच मिनिटांचे काम बारा सेकंदांत आटोपते, आणि कारागीर उगाच मॉसफेट बदलत बसतो.

पंखा थांबताना एकदम न थांबता हळूहळू मंदावतो, याचा अर्थ त्या अवधीत मॉसफेट अर्धवट उघडा असतो आणि स्वतः तापतो. आपला पंखा १.८ वॅटचा आहे. अशा वेळी मॉसफेटवर जास्तीत जास्त त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्ध्या वॅटहूनही कमी उष्णता पडते आणि ती तो हीटसिंकशिवाय सहन करतो. पण कोणी हेच सर्किट १ अँपिअरच्या मोठ्या पंख्याला लावले तर हा आकडा ३ वॅटवर जाईल, आणि मग मॉसफेटलाच हीटसिंक द्यावा लागेल. असा पंखा असणाऱ्यांनी मॉसफेटऐवजी कपॅसिटर आणि पंखा यांच्यामध्ये ५५५ हा टायमर आयसी घालावा. हा आयसी सिग्नेटिक्स कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणला आणि आजही कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. त्याचे २ आणि ६ क्रमांकाचे पाय एकत्र करून कपॅसिटरच्या धन टोकाला, ४ आणि ८ क्रमांकाचे धन तारेला, १ क्रमांकाचा ऋण तारेला आणि ५ क्रमांकाचा ०.०१ मायक्रोफॅरडमधून ऋण तारेला जोडावा. धन तार आणि ३ क्रमांकाचा पाय यांच्यामध्ये १२ व्होल्टची शुगर क्यूब रिले (विजेने चालणारा लहान चौकोनी स्विच), तिच्यावर उलटा डायोड, आणि रिलेच्या संपर्कातून पंखा. कपॅसिटर पुरवठ्याच्या एक तृतीयांशापर्यंत उतरला की आयसी एका झटक्यात पलटतो, त्यामुळे पंखाही एकदम थांबतो. येथे वेळ कालांकाच्या सुमारे १.०३ पट येतो. ६८० किलोओहम आणि ४७० मायक्रोफॅरड घेतले तर साडेपाच मिनिटांच्या जवळपास.

पाच मिनिटे पुरेशी आहेत का, हे हीटसिंकच्या वजनावर ठरते. उदाहरणादाखल १ किलोचा अॅल्युमिनियमचा हीटसिंक घेऊ. त्याचे तापमान १ अंशाने उतरवायला सुमारे ९०० ज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. पंखा चालू असताना त्याचा उष्णतारोध प्रतिवॅट ०.३ अंश असेल तर २७० सेकंदांत, म्हणजे साडेचार मिनिटांत, हवेपेक्षा असलेला त्याचा जादा ताप एक तृतीयांशाहून थोडा अधिक एवढाच उरतो. मे महिन्यात मांडवातील हवा ४२ अंश आणि हीटसिंक ७५ अंश असेल तर पाच मिनिटांनी तो ५३ अंशांच्या आसपास येईल. त्या तापमानाला पेटी टेंपोत ठेवण्यास हरकत नाही. मात्र वरून लगेच ताडपत्री आवळू नये.

राहिला विजेचा प्रश्न, आणि तो आपल्या भागात सर्किटाहून मोठा आहे. वर सांगितलेली सर्व व्यवस्था बटण बंद केले पण पिन काढली नाही, या गृहीतावर उभी आहे. लाइट गेली, किंवा जनरेटरवाल्याने काल्याचा प्रसाद घेण्याआधीच जनरेटर बंद केला, तर अ‍ॅडॉप्टरही मेला आणि पंखाही थांबला. नेमक्या अशाच वेळी अ‍ॅम्प्लिफायर भर तापलेला असतो. यावर उपाय एकच, अ‍ॅडॉप्टरच्या जोडीला १२ व्होल्टची लहान बंद बॅटरी. पाच मिनिटे ०.१५ अँपिअर म्हणजे १२.५ मिलीअँपिअर-तास, १.३ अँपिअर-तासांची सर्वांत लहान बॅटरीसुद्धा यासाठी मुबलक होते. अट अशी की कीर्तन चालू असताना पंख्याचा भार बॅटरीवर पडू नये. त्यासाठी साध्या अ‍ॅडॉप्टरऐवजी १३.६ ते १३.८ व्होल्टचा, बॅटरी भरत ठेवणारा पुरवठा घ्यावा आणि बॅटरीच्या धन तारेत १ अँपिअरचा फ्यूज टाकावा. बॅटरी वापरायची असेल तर मॉसफेटचेच सर्किट करावे. पंखा थांबल्यावर ते नगण्य प्रवाह घेते, त्यामुळे दोन सप्ताहांच्या मध्ये पेटी महिनाभर पडून राहिली तरी सर्किटमुळे बॅटरी उतरणार नाही. साधा ५५५ मात्र काहीही न करता १० मिलीअँपिअरच्या आसपास प्रवाह पीत राहतो आणि ती लहान बॅटरी पाच-सहा दिवसांत रिकामी करतो.

घड्याळाऐवजी थर्मोस्टॅट लावता येईल का, असा प्रश्न आपल्या मनात येऊ शकतो. केएसडी ३०१ या नावाने मिळणारा, तापल्यावर संपर्क जोडणारा बटणाएवढा थर्मोस्टॅट हीटसिंकवर स्क्रूने आवळून पंख्याच्या तारेत टाकला तर कपॅसिटर, मॉसफेट काहीच लागत नाही. हीटसिंक निवाला की पंखा आपोआप थांबतो. खरे सांगायचे तर जेथे पुरवठा कायम उपलब्ध आहे तेथे मला हाच मार्ग अधिक पसंत आहे. फक्त तापमान निवडताना डिसेंबरचा नव्हे, मे महिन्याचा विचार करावा. ४५ अंशांचा थर्मोस्टॅट घेतला तर पत्र्याच्या मांडवात दुपारी तो कधी सुटणारच नाही आणि पंखा बॅटरी संपेपर्यंत फिरत राहील. ५५ किंवा ६० अंशांचा घ्यावा.

अखेर एक सावधगिरी. अ‍ॅम्प्लिफायरच्या मोठ्या कपॅसिटरांत पिन काढल्यावरही बराच वेळ धोकादायक साठा राहतो, आणि बटणाच्या आधीच्या तारांत २३० व्होल्ट असतात. पेटी उघडल्यावर ते कपॅसिटर योग्य रेझिस्टरने रिकामे केल्याशिवाय आत हात घालू नये. २३० व्होल्टची जोडणी जाणकार कारागिराकडून करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या घरच्या पत्र्याच्या कूलरला रात्री बंद केल्यावर सकाळपर्यंत कुबट वास येतो. पंप बंद झाल्यानंतर पंखा अर्धा तास चालू राहिला तर वास येत नाही, असा अनुभव आहे. परंतु त्यासाठी कोणाला तरी जागे राहावे लागते. पंखा आपोआप उशिरा बंद होईल असे सर्किट घरी करता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपला अनुभव योग्य आहे. ताट्यांमधली वुड वूल किंवा वाळा रात्रभर ओला राहिला की त्यात शेवाळ आणि बुरशी धरते. पंप बंद करून नुसता पंखा चालवला की आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वीस-तीस मिनिटांत ताट्या बऱ्याच सुकतात. परंतु आधीच्या उत्तरातील सर्किट येथे मुळीच वापरू नये. कूलरचा पंखा २३० व्होल्टच्या एसीवर चालतो आणि शेजारी पाणी असते. येथे घरगुती प्रयोग नको.

विजेच्या सामानाच्या दुकानात पॅनेलमध्ये बसणारा, २३० व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रॉनिक टायमर मिळतो. तो घेताना ‘ऑफ डिले’ हे काम त्यात आहे याची खात्री करावी, कारण नुसता टायमर मागितला तर दुकानदार बहुधा ‘ऑन डिले’ देतो आणि त्यात पंखा उशिरा चालू होतो. या प्रकारच्या टायमरला कायमचा पुरवठा लागतो आणि चालू-बंदची खबर वेगळ्या टोकांवर द्यावी लागते. ती खबर कोणत्या टोकांवर आणि कशी द्यायची, व्होल्टेज देऊन की नुसता संपर्क जोडून, हे प्रत्येक कंपनीच्या टायमरवर छापलेल्या आकृतीत पाहावे. अंदाजाने २३० व्होल्ट जोडल्यास टायमर पहिल्याच दिवशी जळतो. व्यवस्था अशी करावी की कूलरच्या एकाच बटणाने पंप आणि खबर दोन्ही चालू-बंद व्हावेत, आणि पंख्याची तार टायमरच्या संपर्कातून जावी. वेळ तीस मिनिटांवर लावावी. टायमरचा संपर्क मोटारीचा भार सोसणारा आहे का, हे पाहावे; शंका असल्यास मध्ये एक लहान काँटॅक्टर (मोटारीचा भार सोसणारा, विजेने चालणारा स्विच) घालावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे कूलरचे अर्थिंग. कूलरच्या ओल्या पत्र्याला हात लागून शॉक बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. तीन पिनांचा प्लग, पत्र्याला घट्ट आवळलेली अर्थची तार आणि त्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) या तिन्ही गोष्टी आधी करून मगच टायमरचा विचार करावा.

प्रश्न : माझ्याकडे इन्व्हर्टर प्रकारचे वेल्डिंग मशीन आहे. काम झाल्यावर स्विच बंद केला की आतला पंखा लगेच थांबतो. त्यालाही असे सर्किट बसवावे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बसवू नये. शेवटचा टाका मारल्यावर मशीन चालूच ठेवून होल्डर बाजूला टांगावा आणि पाच-दहा मिनिटांनी स्विच बंद करावा. भार नसताना मशीन किरकोळ वीज खाते आणि पंखा त्याला थंड करतो. मशीन उघडून आत तारा जोडण्यापेक्षा वर्षातून दोनदा ब्लोअरने आतली लोखंडाची भुकटी काढली तर त्याचा फायदा कितीतरी जास्त आहे. ती भुकटी पंख्यानेच आत ओढलेली असते.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘उशिरा थांबणारा पंखा’ मांडायचा आहे. आमच्याकडे मोबाइलच्या चार्जरवर चालणारा ५ व्होल्टचा लहान पंखा आहे. त्यावर हा प्रयोग होईल का?
— एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : नक्की होईल, आणि तो पूर्णपणे सुरक्षितही आहे. फक्त आयआरएफ ५४० एन घेऊ नकोस, कारण ५ व्होल्टला तो पुरेसा उघडत नाही. त्याऐवजी आयआरएलझेड ४४ एन घे. त्याचा उंबरठा १ ते २ व्होल्ट असतो. तुला ऑप्टोकपलरचीही गरज नाही. धन तारेपासून एक पुश बटण, त्याच्यापुढे १ किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्यापुढे १एन ४१४८ डायोड आणि मग कपॅसिटरचे धन टोक अशी साखळी कर; बाकी जोडणी पहिल्या उत्तरातलीच ठेव. प्रेक्षकांना पाच मिनिटे उभे करू नकोस. १०० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर कालांक १० सेकंदांचा होतो आणि बटण सोडल्यावर पंखा दहा-अकरा सेकंद फिरतो.

प्रयोगात खरी गंमत मोजमापाची आहे. ४७, १०० आणि २२० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर जवळ ठेव, प्रत्येकाने पंखा किती वेळ चालतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन-तीनदा मोजून सरासरी काढ आणि आलेखकागदावर मांड. बटण प्रत्येक वेळी निदान दोन सेकंद दाबून धर, नाहीतर मोठा कपॅसिटर पूर्ण भरणार नाही आणि बिंदू रेषेच्या खाली येईल. तीन बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत आले पाहिजेत. एखादा बाजूला पडला तर कपॅसिटरच्या छापील आकड्यावर विश्वास न ठेवता, शक्य असेल तर तो धारकता मोजणाऱ्या मीटरवर तपासून पाहा. परीक्षक बहुधा तेच विचारतील.